दिसण्याची किंमत : भुते पाहणाऱ्या मुलांच्या जपानी चित्रकथा

जपानमध्ये साप्ताहिकांतून व मासिकांतून क्रमशः येणाऱ्या आणि पुढे खंडरूपाने निघणाऱ्या चित्रकथांना, म्हणजेच मांगाला, भूत दिसणारा शाळकरी मुलगा किंवा मुलगी हे पात्र आता इतके सवयीचे झाले आहे की त्याच्याभोवती एक स्वतंत्र कथाप्रकारच उभा राहिला आहे, आणि या कथाप्रकाराचे लक्षण असे की त्यात भीती व हसू आळीपाळीने येत नाहीत, तर बहुधा एकाच चौकटीत एकमेकांना खेटून बसतात. या कथांचा विचार करताना सहसा भुतांच्या चित्रणाकडे लक्ष वेधले जाते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण चित्रकारांची सारी हौस तिथेच फिटलेली दिसते. परंतु कथा टिकते की ढासळते हे भुतावर फारसे अवलंबून नसते. भूत दिसणे ही त्या मुलाच्या गळ्यात पडलेली एक जबाबदारी असते, आणि तिची किंमत तो कशात मोजतो, पैशांत, अब्रूत, झोपेत की मैत्रीत, यावर ते ठरते. दिसणे हे दिसण्यापुरते राहते आणि ही किंमत चालू राहते तोवर भय आणि विनोद दोन्ही तग धरतात. दिसण्याचे रूपांतर लढण्याच्या सामर्थ्यात झाले की दोन्ही हळूहळू आटतात, असे या परंपरेतील प्रमुख कलाकृती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास आढळते. (पुढील मजकुरात जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी दिले आहे.)

दोन संज्ञा आधी स्पष्ट केलेल्या बऱ्या. ‘युरेई’ म्हणजे मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा, तर ‘योकाई’ या शब्दात नदीतला काप्पा, रूप पालटणारा कोल्हा, शंभर वर्षे वापरल्यावर जीव धरणारी छत्री असा सगळा अमानवी गोतावळा येतो. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या दोहोंमध्ये जो भेद केला त्यानुसार योकाई ठरावीक जागी राहतो आणि तिथे जाणाऱ्या कुणालाही भेटतो, युरेई मात्र ठरावीक माणसाचा पिच्छा पुरवतो. पुढील संशोधकांनी या विभागणीला अनेक अपवाद दाखवले आहेत आणि मांगाकारांनी तर ती कधीच पाळली नाही. तरीही ती उपयोगी पडते, कारण विनोदाकडे झुकणाऱ्या कथांत योकाई जास्त आणि अंगावर काटा आणणाऱ्या कथांत युरेई जास्त, असा ढोबळ कल दिसतो. तिसरी संज्ञा ‘रेइकान’, म्हणजे आत्म्यांचे अस्तित्व जाणवण्याची शक्ती. ही एखाद्याला असते आणि एखाद्याला नसते, इतक्या साधेपणाने तिच्याबद्दल रोजच्या बोलण्यात बोलले जाते, आणि कथेला लागणारी निम्मी भूमिका त्यामुळे आयतीच तयार मिळते.

भुताला हसण्याची जपानी सवय मांगापेक्षा बरीच जुनी आहे. तोरियामा सेकिएन यांचा योकाईंचा चित्रसंग्रह १७७६ साली छापला गेला, आणि त्या काळातील स्वस्त चित्रपुस्तिकांतून हातात टोफूची वडी घेऊन उभा राहणारा, कुणाचेच काही वाकडे न करणारा पोरगेलासा योकाई लोकप्रिय होता. राकुगो या एकट्याने बसून सांगण्याच्या कथनकलेत ओकिकूच्या थाळ्यांची जी गोष्ट आहे तिचा उल्लेख येथे टाळता येत नाही. मूळ दंतकथेत दहापैकी एक थाळी हरवल्याच्या आळावरून मारली गेलेली मोलकरीण रोज रात्री विहिरीतून वर येऊन थाळ्या मोजते. राकुगोतल्या रूपात, नऊ ऐकणारा मरतो म्हणून तरुण मंडळी सातपर्यंत ऐकून पळ काढतात, भूत देखणे असल्याची बातमी पसरते, रोज गर्दी जमू लागते, आणि एका रात्री गर्दीत पळायला वाट न मिळालेल्या प्रेक्षकांसमोर ती थेट अठरापर्यंत मोजते, कारण तिला दुसऱ्या दिवशी सुट्टी हवी असते. भुतालाही कामाचा कंटाळा येतो, त्यालाही हिशेब असतो, ही कल्पना पुढे दोनशे वर्षांनी शाळकरी नायकांच्या हाती पडली तेव्हा ती पुरेशी मुरलेली होती.

मांगातील आद्य पुरुष म्हणून मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) यांचे नाव घ्यावे लागते. दुसऱ्या महायुद्धात न्यू ब्रिटन बेटावर डावा हात गमावलेल्या या चित्रकाराने १९६० पासून भाड्याने वाचायला मिळणाऱ्या पुस्तकांत ‘हाकाबा कितारो’, म्हणजे स्मशानातला कितारो, हे पात्र रंगवले. १९६५ मध्ये ते ‘शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकात आले, १९६७ मध्ये त्याचे नाव ‘गेगेगे नो कितारो’ झाले आणि पुढच्याच वर्षी दूरचित्रवाणीवर त्याची ॲनिमेशन मालिका सुरू झाली. कितारो स्वतःच भुतांच्या वंशातला असल्यामुळे काटेकोरपणे पाहता तो ‘भूत दिसणारा’ नायक ठरत नाही. तरी त्याने पुढील कथांना एक मोलाची सोय करून दिली, ती म्हणजे योकाईंची टपालपेटी : भुतांचा त्रास होणाऱ्या मुलांनी तिच्यात चिठ्ठी टाकायची आणि कितारोने मदतीला यायचे, तेही बहुतेक वेळा फुकट. हे फुकट येणे लक्षात ठेवण्याजोगे आहे. याच सुमारास, १९६४ मध्ये, फुजिको फुजिओ या जोडनावाने लिहिणाऱ्या दोन चित्रकारांचा ‘ओबाके नो क्यू-तारो’ आला. त्यातले पांढऱ्या चादरीसारखे भूत इतके निरुपद्रवी आहे की भयाचा प्रश्नच उद्भवत नाही.

भूत शाळेत शिरले ते अफवांच्या वाटेने. १९७९ साली ओठ कानापर्यंत फाटलेल्या, तोंडावर मास्क लावून मुलांना वाटेत गाठणाऱ्या बाईची अफवा जपानभर पसरली, आणि तिच्यासोबत तिच्यापासून सुटण्याचे उपायही पसरले : ‘मी सुंदर आहे का?’ या तिच्या प्रश्नाला ‘ठीकठाक’ असे गुळमुळीत उत्तर द्यावे, केसांना लावायच्या पोमेडचे नाव पुन्हा पुन्हा घ्यावे, किंवा तिच्यापुढे एका विशिष्ट प्रकारची खडीसाखरी गोळी फेकावी. भीती खरी आणि उतारा हास्यास्पद, ही जोडणी मुलांनी स्वतःच, कुणा लेखकाच्या मदतीविना केली होती. मुलींच्या स्वच्छतागृहात तिसऱ्या मजल्यावरच्या तिसऱ्या दारामागे राहणारी हानाको-सान याच मौखिक साहित्यातली. १९९० मध्ये लोकसाहित्याचे अभ्यासक आणि शिक्षक त्सुनेमित्सू तोरू यांच्या ‘शाळेतल्या भयकथा’ पुस्तकरूपाने आल्या आणि त्या लाटेवर, १९९३ ते १९९९ या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात माकुरा शो यांची कथा व ओकानो ताकेशी यांची चित्रे असलेली ‘जिगोकु सेन्सेई नूबे’ ही मालिका चालली. तिचा नायक पाचवीच्या वर्गाचा शिक्षक. त्याच्या डाव्या हातात राक्षस कोंडलेला आहे, तो हात काळ्या हातमोज्यात झाकलेला, आणि महिनाअखेरीस खिसा इतका रिकामा की झटपट शेवयांवर दिवस काढावे लागतात. येथे दिसण्याची जबाबदारी मुलांच्या खांद्यावरून उचलून एका प्रौढाने घेतली आहे. नंतरच्या कथांत असा प्रौढ क्वचितच भेटतो.

त्याच दशकातील शीना ताकाशी यांची ‘घोस्ट स्वीपर मिकामी’ (१९९१–१९९९) ही मालिका या संदर्भात उपेक्षित राहिली आहे असे म्हणावे लागते. जमिनीच्या भडकलेल्या किमतींचा फुगा नुकताच फुटू लागला असताना सुरू झालेल्या या कथेत मिकामी रेइको ही तरुणी पछाडलेल्या इमारती मोकळ्या करून देण्याचे कंत्राट कोट्यवधी येनना घेते, एकेक मंत्रलिखित कागद वापरताना त्याच्या किमतीने तिचा जीव वरखाली होतो, आणि तिचा शाळकरी मदतनीस योकोशिमा ताशी सुमारे अडीचशे येनवर राबतो. तीनशे वर्षांपूर्वी नरबळी दिली गेलेली ओकिनू ही भूतकन्या तर दिवसाला तीस येनवर नोकरीला राहते. बळी गेलेल्या मुलीची शोकांतिका आणि तिच्या पगाराचा विनोद एकाच पात्रात बसवण्याची ही हिंमत उल्लेखनीय आहे. मालिकेचा स्त्रीदेहाकडे पाहण्याचा आंबटपणा मात्र आज खटकतो.

लढाईकडे झुकलेल्या शाखेबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तिचा इतिहास स्वतःचीच पुनरावृत्ती करतो. तोगाशी योशिहिरो यांच्या ‘यू यू हाकुशो’ची (१९९०–१९९४) सुरुवात अप्रतिम विनोदी आहे : मवाली म्हणून बदनाम असलेला चौदा वर्षांचा युसुके एका लहान मुलाला वाचवताना गाडीखाली येऊन मरतो आणि परलोकात त्याच्यासाठी जागाच तयार नसते, कारण हा मुलगा असे काही पुण्यकर्म करील अशी तिथल्या दप्तरात कुणी नोंदच केलेली नसते, शिवाय तो मध्ये पडला नसता तरी मुलाला काहीही झाले नसते, हेही त्याला ऐकवले जाते. परलोकाचा कारभार पाहणारा कोएनमा हा एनमाचा, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला गेलेल्या यमाचा, मुलगा. तो तोंडात चोखणी घातलेले तान्हे बाळ आहे, आणि चित्रगुप्ताच्या वहीची कल्पना लहानपणापासून ऐकलेल्या मराठी वाचकाला या कचेरीतला गोंधळ विनासायास कळेल. पण काही खंडांतच कथा स्पर्धा आणि द्वंद्वांकडे वळते. कुबो ताइतो यांच्या ‘ब्लीच’चे (२००१–२०१६, ७४ खंड) तेच झाले. तिच्या पहिल्याच प्रकरणात पंधरा वर्षांचा इचिगो, स्केटबोर्डवरून भरधाव आलेल्या टारगट पोरांनी रस्त्याकडेच्या फुलदाणीला लाथाडले म्हणून त्यांना बडवतो. ती फुलदाणी त्या ठिकाणी मेलेल्या एका लहान मुलीसाठी ठेवलेली असते आणि ती मुलगी त्याला समोर उभी दिसत असते. या एका प्रसंगात जेवढी माणुसकी आणि जेवढी गंमत आहे तेवढी पुढच्या शेकडो पानांच्या तलवारबाजीत नाही. ‘ब्लीच’च्या चाहत्यांना हे विधान कठोर वाटेल, परंतु इचिगोला भूत दिसते हे मधल्या खंडांत वाचकाच्याही लक्षात राहत नाही, ही गोष्ट त्यांनाही नाकारता येणार नाही.

मुलींसाठीच्या, म्हणजे ‘शोजो’ वर्गातल्या मासिकांनी वेगळी वाट धरली. इमा इचिको यांच्या १९९५ पासून चाललेल्या ‘ह्याक्की याको शो’मध्ये रित्सू या तरुणाच्या वडिलांचा मृत्यू झालेला आहे, पण त्यांच्या देहात आओआराशी नावाचा अमानवी जीव शिरून बसला आहे आणि घरातले बाकीचे लोक त्याला वडील समजूनच त्याच्याबरोबर जेवतात. मिदोरिकावा युकी यांच्या २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘नात्सुमे युजिनचो’त भीती जवळजवळ नाही, तिथे किंमत सामाजिक आहे. आईवडिलांविना वाढलेला नात्सुमे नातेवाइकांच्या घरांतून फिरत राहतो आणि जिथे जातो तिथे खोटारडा ठरतो, कारण जे त्याला दिसते ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही. विनोदाची बाजू सांभाळतो तो त्याचा तथाकथित अंगरक्षक, दुकानात गिऱ्हाईक बोलावणाऱ्या मांजराच्या मूर्तीत अडकलेला, दारूवर आणि गोडावर ताव मारणारा योकाई. या दोन मालिकांनी एक गोष्ट पक्की केली : दिसणाऱ्याचे दुःख भुतामुळे कमी आणि माणसांमुळे जास्त असते.

ताकाहाशी रुमिको यांची ‘क्योकाई नो रिन्ने’ (२००९–२०१७, ४० खंड) समीक्षकांनी त्यांच्या आधीच्या गाजलेल्या मालिकांच्या तुलनेत दुय्यम ठरवली आहे. हा निवाडा पुन्हा तपासून पाहावा अशी स्थिती आहे, कारण दिसण्याच्या अर्थकारणावर इतक्या चिकाटीने दुसऱ्या कुणीही लिहिलेले नाही. नायकाचे आडनाव रोकुदो, म्हणजे जीव कर्मानुसार ज्या सहा गतींतून फिरतो त्या षड्गती, आणि नाव रिन्ने, म्हणजे जन्ममरणाचा फेरा. इतके भारदस्त नाव धारण करणारा हा अर्धा माणूस आणि अर्धा शिनिगामी, म्हणजे मृतात्म्यांना पुढच्या जन्माकडे नेणारा यमदूत, शाळेच्या पडीक इमारतीत राहतो आणि त्याच्याकडे बहुधा जेवणापुरतेही पैसे नसतात. त्याच्या सेवेतल्या काळ्या मांजराचे नाव रोकुमोन, म्हणजे मृताने वैतरणीसारखी नदी ओलांडण्यासाठी नावाड्याला द्यायची सहा नाणी. भूत पकडायला लागणारे प्रत्येक साधन विकत घ्यावे लागते, त्याची किंमत चौकटीत येनमध्ये छापलेली असते, आणि एखाद्या आत्म्याला शांत करण्यात कमाईपेक्षा पदरमोडच अधिक होते.

शाळेच्या आवारात हवामानाची उपकरणे ठेवण्यासाठी पूर्वी उभारलेली, आता वापरात नसलेली एक पांढरी जाळीदार पेटी आहे, आणि भुताचा त्रास होणारे विद्यार्थी तिच्यात चिठ्ठी आणि थोडीशी दक्षिणा किंवा खाऊ ठेवतात. कितारोच्या टपालपेटीची आठवण ठेवून पाहिले तर अर्ध्या शतकात काय बदलले ते या एका पेटीत दिसते : मदत आता फुकट नाही, मदत करणारा मदत मागणाऱ्यापेक्षा गरीब आहे, आणि चिठ्ठी वाचण्याआधी तो नाणी मोजतो. रिन्नेचा बाप नामांकित ठग आहे. मुदत भरण्याआधीच माणसांना ओढून नेऊन आपला कोटा पुरा करणाऱ्या भोंदू यमदूतांची कंपनी तो चालवतो आणि कर्जे मुलाच्या नावावर काढतो. या सगळ्या धावपळीच्या मध्यभागी लहानपणापासून भुते दिसणारी मामिया साकुरा निर्विकार चेहऱ्याने उभी असते. ताकाहाशी तिला किंचाळू देत नाहीत, आश्चर्यसुद्धा फारसे करू देत नाहीत, आणि हा थंडपणा सुरुवातीला पात्राचा कच्चेपणा वाटला तरी विनोदाचा सगळा तोल त्यावरच सांभाळलेला आहे.

हा निर्विकार चेहरा पुढे न्यायचा राहिला होता तो इझुमी तोमोकी यांनी नेला. त्यांची ‘मिएरुको-चान’ २०१८ मध्ये कादोकावा प्रकाशनसंस्थेच्या डिजिटल व्यासपीठावर सुरू झाली, २०२१ मध्ये तिच्यावर ॲनिमेशन मालिका आणि २०२५ मध्ये अभिनेत्यांचा चित्रपट आला. नायिका योत्सुया मिको हिचे आडनाव नांबोकू चौथा याच्या १८२५ च्या ‘योत्सुया काईदान’ या काबुकी नाटकाची आठवण करून देते, पण ते नाटक ज्या सूडाभोवती फिरते त्याचा येथे मागमूसही नाही. मिकोला एके दिवशी अचानक भुते दिसू लागतात, ती त्यांना घालवू शकत नाही, त्यांच्याशी बोलू शकत नाही, आणि ज्याला आपण दिसतो त्याच्याच मागे ती लागतात असे तिच्या ध्यानात आल्यामुळे ती एकच करू शकते : दिसत नाही असे भासवणे. पाऊस पडत असताना बसथांब्यावर एक विद्रूप आकृती तिच्या तोंडाजवळ तोंड आणून ‘दिसतंय ना?’ असे विचारत राहते आणि मिको मोबाइलमध्ये नजर खुपसून बसची वेळ पाहत राहते. तिचे डोळे पाण्याने भरतात, हात थरथरतो, पण कारण मात्र प्रत्येक वेळी रोजच्या जगण्यातले शोधावे लागते. उसने अवसान म्हणजे काय याचे इतके तपशीलवार चित्रण दुसऱ्या कुठल्या चित्रकथेत क्वचितच सापडेल.

इझुमी यांचे चित्रतंत्र याच ताणावर उभे आहे. मिको, तिची शाळा, तिची मैत्रीण हे सारे स्वच्छ, मोजक्या, गोंडस रेषांत काढलेले असते, तर भूत दाट काळ्या शाईत, बारीक रेघांच्या जंजाळात, दुसऱ्याच कुणा चित्रकाराने येऊन काढावे तसे. मांगा उजवीकडून डावीकडे वाचला जातो, त्यामुळे डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यातली चौकट ही पान उलटण्याआधीची शेवटची असते आणि भयकथाकार तिथे पात्राचा चेहरा ठेवून भूत पलीकडच्या पानावर ठेवतात. इझुमी हा नियम पाळतात, पण पान उलटल्यावर भुताच्या शेजारीच मिकोचा कोरा चेहरा ठेवून वाचकाला एकाच नजरेत घाबरवतात आणि हसवतातही. ॲनिमेशनमध्ये पान कधी उलटायचे ते वाचकाच्या हाती राहत नाही आणि पार्श्वसंगीत आधीच चाहूल देते. साहजिकच हा परिणाम तिथे सौम्य होतो. त्यात पुन्हा पहिल्या भागात नायिकेच्या शरीरावर विनाकारण रेंगाळणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल जी टीका झाली ती रास्त होती, आणि मूळ चित्रकथाही त्या दोषातून पूर्ण मुक्त नाही.

मिकोभोवतीची माणसे दिसण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी आहेत. मैत्रीण हाना हिची जीवनशक्ती इतकी प्रखर की भुते तिला मुंग्यांसारखी लगडतात, पण तिला स्वतःला काहीच दिसत नाही. तिला फक्त सारखी भूक लागते, आणि तिच्या हातात नेहमी असणारा खाऊ हा विनोदही आहे आणि खर्ची पडणाऱ्या शक्तीची भरपाईही. युलियाला किरकोळ भुते दिसतात, मोठी दिसत नाहीत, म्हणून मिकोचा थंडपणा तिला एखाद्या सिद्ध पुरुषाचे सामर्थ्य वाटतो. बाजारपेठेत भविष्य सांगणारी वृद्धा मिकोला संरक्षणासाठी जपमाळ देते, ती फुटते, तेव्हा आपल्या आवाक्याबाहेरचे काही पाहिल्याची खात्री पटून ती धंदाच बंद करते. दिसणे ही शिडी असून वरच्या पायरीवरच्या माणसाला खालच्यापेक्षा जास्त एकटे वाटते, हे या तिघींच्या मांडणीतून कुठेही बोलून न दाखवता कळते.

दिसणे म्हणजे समजणे नव्हे, हेही इझुमी हळूच बजावतात. सापडलेल्या मांजराच्या पिल्लासाठी घर शोधताना मिको एका देखण्या, मृदुभाषी तरुणाला नकार देते, कारण त्याच्याभोवती छळून मारलेल्या मांजरांची भीषण भुते दाटलेली तिला दिसतात, आणि चेहऱ्यावरून गुंड भासणाऱ्या माणसाच्या हाती ती पिल्लू सोपवते. वाचकाला निवाडा अचूक वाटतो. तोच देखणा तरुण पुढे तिच्या शाळेत शिक्षक म्हणून येतो आणि बऱ्याच काळाने कळते की त्या मांजरांना मारणारा तो नव्हताच. घरातला प्रसंग याहून अवघड आहे : मिको वडिलांकडे लक्ष देत नाही, त्यांच्याशी बोलत नाही, हे सुरुवातीला पौगंडावस्थेतले रुसणे वाटते, कारण त्यांनी तिचे पुडिंग खाल्ले म्हणून दोघांत भांडण झालेले असते, पण ते हयात नाहीत हे नंतर उघड होते. तोवर वाचक त्यांच्या तंट्याला हसून चुकलेला असतो.

आइदाइरो या जोडीच्या २०१४ पासूनच्या ‘जिबाकु शोनेन हानाको-कुन’मध्ये शाळेतल्या सात गूढांना अफवेप्रमाणे वागावे लागते, अफवा बदलली की भुताचा स्वभाव बदलतो, म्हणून नायिका नेने हिचे काम भुतांशी लढण्याचे नाही, मुलांच्या तोंडची गोष्ट बदलण्याचे आहे. १९७९ च्या त्या अफवेतील मौखिक यंत्रणेला कथेचा नियम बनवणारी ही कल्पना अत्यंत हुशारीची आहे. नेने मुळ्यासारख्या जाड पायांवरून चेष्टा सहन करणारी, प्रेमासाठी आसुसलेली हास्यपात्र म्हणून येते, आणि अनेक खंडांनंतर सांगितले जाते की तिला ही भुते दिसतात याचे कारण तिचे आयुष्य संपत आले आहे. किंमत सर्वात उशिरा आणि सर्वात जड अशी येथे वसूल होते. कोंदो केनइची यांची ‘डार्क गॅदरिंग’ (२०१९ पासून) उलट बाजूची : दोन-दोन बाहुल्यांचे डोळे असलेली एक कुशाग्र मुलगी आईचा आत्मा हिरावणाऱ्या भुताच्या शोधात इतर भुते पकडून कापडी खेळण्यांत कोंडते, आणि तिला शिकवायला आलेल्या, भुतांना आकर्षून घेणाऱ्या भित्र्या महाविद्यालयीन तरुणाला गळाला लावते. या मालिकेतले भय अस्सल आहे, विनोद मात्र जेमतेम.

तात्सु युकिनोबू यांच्या ‘दानदादान’ने (एप्रिल २०२१ पासून ‘शोनेन जंप प्लस’ या डिजिटल नियतकालिकात, ॲनिमेशन २०२४) वर मांडलेल्या नियमाला आव्हान दिले आहे. मोमो भुते मानते आणि परग्रहवासी मानत नाही, ओकारुनचे नेमके उलटे. दोघे पैज लावून एकमेकांच्या अविश्वासाच्या जागी जातात आणि दोन्ही गोष्टी खऱ्या निघतात. बोगद्यातली वेगवान म्हातारी ओकारुनला पछाडते आणि त्याचे जननेंद्रियच पळवते. पुढची बरीच कथा त्याच्या शोधात धावते, आणि एवढा पाचकळ धागा पकडून तात्सु वाचकाला कुठे नेऊन सोडतील याचा अंदाज येत नाही. येथे लढाया भरपूर आहेत, तरी भय आणि विनोद आटलेले नाहीत, याचे कारण असे दिसते की प्रत्येक लढाई जिंकल्यावर पराभूत भुताचे पूर्वायुष्य सोसावे लागते. आयरा या मुलीने लहानपणी ज्याला आई समजले ते लांब केसांचे भूत मुळात कर्जवसुली करणाऱ्यांनी लेक हिरावून नेलेली एक गरीब बाई आहे, हे उलगडणारा भाग मालिकेतला सर्वोत्तम ठरतो. नंतरच्या खंडांत पात्रांची आणि यंत्रमानवांची गर्दी वाढली आहे आणि हा तोल पूर्वीइतका सहज राहिलेला नाही.

या बहुतेक नायकांचे वय चौदा ते सतराच्या मध्ये थांबलेले असते, आणि लोकप्रिय मालिका दहा-पंधरा वर्षे चालली तरी शाळा सुटत नाही. दिसणाऱ्याचे पुढे काय होते, तो पोट कसे भरतो, हा प्रश्न त्यामुळे टळतो. त्याला अपवाद म्हणून ओत्सुका एइजी यांनी लिहिलेली आणि यामाझाकी होउसुइ यांनी चितारलेली, २००० च्या सुमारास सुरू झालेली ‘कुरोसागी शिताई ताकुहाइबिन’ पाहावी. बौद्ध विद्यापीठात शिकणारे, नोकरी मिळण्याची शक्यता धूसर असलेले पाच तरुण त्यात आहेत : एकाला प्रेतांचे बोलणे ऐकू येते, एक लोलक धरून प्रेत हुडकतो, एकीला प्रेत टिकवण्याची विद्या येते, एक हातातल्या बाहुलीतून परग्रहवासीयाचे बोलणे बोलतो, आणि पाचवी संगणक व हिशेब सांभाळते. प्रेतांना त्यांच्या इच्छित स्थळी पोहोचवण्याचा ते धंदा काढतात. गिऱ्हाईक मेलेले असल्यामुळे बिल कोणाच्या नावे फाडायचे हा पेच प्रत्येक प्रकरणात नव्याने उभा राहतो, आणि बहुतेक वेळा त्या पाचांना रिकाम्या हाताने परतावे लागते.